चाकांवरचे बिऱ्हाड : कॅम्परव्हॅन, तिचे मालक आणि मुक्कामाचा प्रश्न

प्रवासाचा इतिहास आपण सहसा दिवसाचा इतिहास म्हणून शिकतो. रस्ते कोणी बांधले, रेल्वे कधी आली, मोटारीचा वेग किती वाढला, हे सारे पाठ्यपुस्तकात असते. प्रवासी रात्री कुठे झोपत होता आणि तिथे झोपण्याची परवानगी त्याला कोण देत होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. या पाठात आपण कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाणी साठवण्याची सोय असलेली मोटार, या वाहनाच्या निमित्ताने तो प्रश्न विचारणार आहोत. असे वाहन स्वतःच्या मालकीचे असण्याने माणसाला नेमके काय मिळाले? स्वस्त सहल, मोकळी हवा, हवे तेव्हा निघण्याची मुभा अशी यादी कोणीही करील आणि ती खोटीही नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्या यादीच्या तळाशी आणखी एक गोष्ट सापडते : रात्रीच्या निवाऱ्यासाठी यजमानाच्या मर्जीवर अवलंबून न राहणे. हा फायदा सर्वात मोठा होता, आणि तो सर्वांना सारखा कधीच मिळाला नाही.

एक शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. कॅरव्हॅन म्हणजे घोडा किंवा मोटार जोडून ओढून न्यायचे घर. कॅम्परव्हॅनमध्ये इंजिन आणि बिऱ्हाड एकाच सांगाड्यात असते. व्यवहारात, विशेषतः भारतात, दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. या पाठात जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथेच तो सांगितला आहे.

बादशहाची छावणी आणि डॉक्टरांची गाडी

प्रवासात घरचे सुख बरोबर नेणे ही कल्पना नवी नाही. नवे आहे ते सामान्य माणसाला परवडणे. अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या छावणीचे वर्णन आहे. एका छावणीचे सामान वाहून न्यायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 भोई लागत, असे तो सांगतो. औरंगजेबाबरोबर काश्मीरच्या वाटेवर गेलेल्या बर्निए या फ्रेंच प्रवाशाने यामागची युक्ती सांगितली आहे. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहिलेला असे. पुढे जाणाऱ्या या संचाला पेशखाना म्हणत. बादशहाला दररोज संध्याकाळी आपलेच घर समोर दिसे आणि त्याला कोणाचा पाहुणा व्हावे लागत नसे. अर्थात जिथे तंबू पडेल ती जमीन त्याचीच होती. ही शेवटची बाब लक्षात ठेवा, कारण पुढे तिचाच प्रश्न होणार आहे.

इंग्लंडमध्ये 1885 साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली. ते मुलांसाठी साहसकथा लिहीत. रोमानी लोकांच्या, म्हणजे ज्यांना इंग्रज 'जिप्सी' म्हणत त्यांच्या, घोडागाड्या पाहून ही कल्पना त्यांना सुचली होती. मॅहोगनी आणि मेपलच्या लाकडाची, सुमारे दोन टन वजनाची ही गाडी दोन घोडे ओढत. बर्कशायरमधील ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसकडे त्यांनी जो प्रवास केला, त्याचे पुस्तक 1886 मध्ये निघाले. बरोबर गाडीवान होता आणि फोली नावाचा नोकर होता. फोली तीनचाकी सायकलवर पुढे जाई आणि अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करी. रात्री गाडी एखाद्या खानावळीच्या आवारात किंवा शेतकऱ्याच्या कुरणात उभी राही. म्हणजे पलंग स्वतःचा असला तरी जमीन मागावीच लागे. ती मिळत असे, कारण मागणारा सभ्य गृहस्थ दिसत होता. त्याच कुरणाकडे एखादे रोमानी कुटुंब वळले असते तर उत्तर बहुधा वेगळे मिळाले असते. दोन्ही गाड्यांची बांधणी एकाच परंपरेतली होती.

1907 साली इंग्लंडमध्ये कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला. हौशी मालकांची ही पहिली संघटित पिढी. नकाशे आणि सल्ला यांच्याबरोबरच मुक्कामाच्या जागा मिळवून देणे हे अशा संघटनांचे खरे काम होते.

आठवडाभर मालगाडी, शनिवारी घर

कॅम्परव्हॅन लोकप्रिय होण्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या : मोटार परवडणे, आणि पगार न कापता सुट्टी मिळणे. पहिलीविषयी आपण नेहमी बोलतो, दुसरीविषयी फारसे नाही. फ्रान्समध्ये 1936 साली पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. ब्रिटनमध्ये भरपगारी सुट्टीचा कायदा 1938 चा, आणि पश्चिम जर्मनीत सर्व कामगारांना किमान रजेची हमी देणारा कायदा 1963 चा. रजा नसलेल्या माणसाला चाकांवरच्या घराचा काय उपयोग? म्हणून हे वाहन कामगार चळवळीच्या इतिहासातही येते, फक्त मोटारींच्या इतिहासात नाही.

जर्मनीतील पहिली कॅरव्हॅन 1931 ची मानली जाते, आणि तिचे कारण अगदी घरगुती आहे. दक्षिणेतील इस्नी गावचे आरिस्ट डेथलेफ्स हे चाबूक आणि स्कीइंगचे हातमोजे बनवणाऱ्या घरातले होते आणि विक्रीसाठी सतत फिरत. फ्रिडल एडेलमान या निसर्गचित्रकार होत्या. त्यांना त्यांच्याबरोबर राहायचे होते आणि चित्रेही काढायची होती. त्यांच्यासाठी डेथलेफ्स यांनी मोटारीमागे ओढायचे घर बनवले. आपले काम न सोडता सोबत राहणे हा या वाहनाचा फायदा जाहिरातींत क्वचितच सापडतो.

खरा पालट दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. 23 एप्रिल 1947 रोजी बेन पॉन या डच आयातदाराने आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे रेखाचित्र काढले. फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्ग कारखान्यात सामान हलवायला कामगारांनी बीटल गाडीच्या सुट्या भागांतून एक ठेला बनवला होता, तो पाहून त्याला ही कल्पना सुचली. इंजिन मागे, चालक पुढे आणि मधली सारी जागा मोकळी. 1950 च्या मार्चमध्ये या 'टाइप 2' गाडीचे उत्पादन सुरू झाले. इंजिन होते 1,131 घनसेंटिमीटरचे आणि ताकद फक्त 25 अश्वशक्ती. आजच्या एखाद्या तगड्या मोटारसायकलीचीही यापेक्षा जास्त असते. पण सुतार, बेकरीवाला, रंगारी अशांना ती परवडत होती.

पुढच्याच वर्षी वीडेनब्र्युक येथील वेस्टफालिया या कंपनीने या गाडीसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' बनवला. कपाट, बाक आणि गाद्या असा हा लाकडी संच गाडीत बसवता येई आणि पुन्हा काढता येई. आठवडाभर गाडीने माल वाहायचा, शनिवारी माल उतरवून घर चढवायचे. इंग्लंडमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर या कंपनीने 1952 पासून 'डॉर्मोबाइल' विकायला घेतली. तिची आसने उलगडली की बिछाना होई. 'झोपणे' या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि मोटार यांची ती जोडणी. ही कंपनी मुळात घोड्यांचे सरंजाम बनवणारी होती, हा एक मजेशीर दुवा.

अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. फक्त सुट्टीसाठी घेतलेले वाहन वर्षातले बहुतेक दिवस उभे राहते, आणि उभ्या वाहनाचाही विमा, कर, देखभाल आणि घसरती किंमत चुकत नाही. अशा मालकाने हॉटेलचे वाचलेले भाडे आणि हा खर्च समोरासमोर मांडला तर हिशेब अनेकदा जुळणार नाही. वेस्टफालियाच्या पेटीचा हिशेब जुळत होता, कारण गाडी आधीच कमावती होती आणि घर तिच्यावर जवळपास फुकट बसले. पैशांची बचत हा कॅम्परव्हॅनचा फायदा म्हणून सांगितला जातो, तेव्हा बोलणारा कोणत्या मालकाविषयी बोलतो आहे हे विचारायला हवे.

नोंदवहीतले नाव

1960 साली अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी एका ट्रकवर लहानशी खोली बसवून घेतली. डॉन किहोटेच्या घोड्यावरून तिचे नाव 'रोसिनान्ते' ठेवले आणि एका कुत्र्यासह देशभर फिरले. प्रसिद्ध माणसाला ओळख न देता लोकांमध्ये मिसळायचे होते, आणि हॉटेलात आधी नाव लिहावे लागते. ज्याचे नाव मोठे आहे त्याला ते लपवण्यासाठी स्वतःचे छप्पर उपयोगी पडले. आज तो ट्रक कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथील स्टाइनबेक संग्रहालयात आहे.

त्याच देशात त्याच काळी कृष्णवर्णीय कुटुंबांना नाव लिहिण्यापर्यंतही पोहोचता येत नसे. असंख्य हॉटेले त्यांना दारातूनच परत पाठवत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. कोणत्या गावात कुठे जेवण, खोली, पेट्रोल मिळेल याची ती यादी होती, आणि 'ग्रीन बुक' म्हणून ती ओळखली जाते. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज उरली नाही. अनेक कुटुंबे डबे, पाणी आणि पांघरुणे घेऊन निघत आणि गाडीतच झोपत. त्यांच्यासाठी मोटार ही रेल्वेच्या वेगळ्या डब्यातून सुटका होती. पण गाडी उभी कुठे करायची? शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात 1939 साली लुइस माउंटन हा तळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळा उघडण्यात आला, कारण उरलेल्या जागा गोऱ्यांच्या मानल्या जात. म्हणजे राष्ट्रीय उद्यानातल्या मोकळ्या आकाशाखालच्या जमिनीलाही भिंत होती.

आपल्याकडचे याचे सर्वात बोलके साधन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथनपर लेखन आहे. 1901 साली लहानगा भीमराव, त्यांचे भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनवर मुले महार आहेत हे कळताच बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. बरोबर भरपूर खाणे होते, पण प्यायला पाणी कोणी देईना, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. बैल सोडले, गाडीच्या फळ्यांवर अंथरूण घातले आणि मुले उपाशीच झोपली.

या प्रसंगाकडे आपल्या विषयाच्या बाजूने पाहा. झोपायला गाडी होती, खाणे होते, छप्पर नाकारणाऱ्या यजमानाची गरज त्या रात्रीपुरती नव्हती. तरी पाणी यजमानाच्याच हाती होते. आजच्या कॅम्परव्हॅनमध्ये पाण्याची टाकी ही पलंगाइतकीच महत्त्वाची वस्तू आहे, ती कोणत्या अर्थाने स्वातंत्र्याची वस्तू असू शकते, हे या प्रसंगातून कळते.

पुढे परदेशी शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या आंबेडकरांनी तिथल्या पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून जागा मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. दुसरी जागा मिळेना, तेव्हा कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. स्टाइनबेकने नोंदवहीत नाव लिहायचे टाळले ते स्वखुशीने. आंबेडकरांना दुसरे नाव लिहावे लागले. तुमच्या गावात किंवा शहरात जुनी धर्मशाळा असेल तर तिच्या दारावरची शिळा वाचून या. ती कोणासाठी बांधली हे पुष्कळदा तिथेच कोरलेले असते.

ज्यांना बिऱ्हाडाची हौस नव्हती

आता नाण्याची दुसरी बाजू. स्टेबल्सने ज्यांच्याकडून गाडीची कल्पना घेतली त्या रोमानी लोकांचे काय झाले? जर्मनीत डेथलेफ्सची कॅरव्हॅन निघून पाच वर्षे होतात न होतात तोच, जुलै 1936 मध्ये, ऑलिंपिकपूर्वी बर्लिन 'स्वच्छ' दिसावे म्हणून तिथल्या रोमा आणि सिंती कुटुंबांना शहराबाहेर मार्त्सान येथील छावणीत हलवण्यात आले. तिथून पुढे अनेकांची रवानगी आउश्वित्झला झाली. ब्रिटनमध्ये 1960 च्या कायद्याने कॅरव्हॅन उभी करण्यासाठी परवाने आले आणि सार्वजनिक कुरणे बंद करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. त्याचा फटका फिरत्या समाजांना बसला. 1968 च्या कायद्याने त्यांच्यासाठी जागा करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, 1994 मध्ये ती काढून घेतली गेली. ही जा-ये नीट पाहा : डॉर्मोबाइल विकली जात होती त्याच दशकांतली ही गोष्ट आहे. सुट्टीत गाडीत झोपणारा तो पर्यटक, बारा महिने झोपणारा तो उपद्रवी.

भारतात 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्तेपणालाच संशयाचे कारण बनवले. हजेरी, परवाना आणि वस्तीबाहेर जायला बंदी हे त्याचे मार्ग होते. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण नजरेतला संशय कायद्याबरोबर गेला नाही, हे भटक्या-विमुक्त समाजातील कोणीही सांगेल. राजस्थानातील गाडिया लोहारांची बैलगाडी हे घर आणि कारखाना दोन्ही असते. भाता, ऐरण, खाट, भांडी सारे त्याच गाडीवर. चितोड पडल्यावर पूर्वजांनी छपराखाली न राहण्याची शपथ घेतली, असे त्यांची परंपरा सांगते. 1955 मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर पुनःप्रवेश झाला आणि शपथ सुटल्याचे मानले गेले. वेस्टफालियाच्या पेटीने जे 1951 मध्ये साधले, म्हणजे कामाची गाडी आणि घर एकच, ते या लोहारांकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. मात्र त्यांचा मुक्काम कोणी सहल मानला नाही.

गोव्याच्या वाटेवरची व्हॅन

साठच्या दशकाच्या अखेरीस युरोपातील हजारो तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या वाटेने भारतात आणि नेपाळमध्ये येऊ लागले. काही जण बसने, काही मिळेल त्या वाहनाने, आणि काही जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमधून. त्यांच्यापैकी बरेच गोव्यात हणजुणे येथे थांबले. 1979 मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत फौजा यांमुळे ही वाट बंद झाली. या व्हॅनविषयी स्वातंत्र्याचे बरेच काव्य लिहिले गेले आहे. पण सीमा ओलांडताना मालकाला गाडीचे जकातविषयक हमीपत्र दाखवावे लागे, म्हणजे गाडी वाटेत विकली जाणार नाही याची खात्री. आणि त्याहून महत्त्वाचा होता पासपोर्ट. त्याच काळात पुण्याचा किंवा मडगावचा एखादा तरुण उलट दिशेने निघाला असता, तर परकीय चलनावरच्या कडक निर्बंधांनी त्याला घरातच अडवले असते. वाट दुतर्फा होती, वाहतूक बव्हंशी एकतर्फी.

आपल्याकडे ही गाडी का रुजली नाही, यालाही कारणे आहेत. लांबचा प्रवास रेल्वेने होत असे, मोटार फार थोड्यांकडे होती, आणि सुट्टी म्हणजे मामाकडे, आत्याकडे किंवा देवाला. नातेवाईक हेच आपले हॉटेल होते. ज्याला पाहुणा म्हणून हक्काने दार उघडते त्याला चाकांवरच्या घराची निकड वाटत नाही. ज्याला उघडत नव्हते, त्याला ते घर परवडत नव्हते.

2021 साली महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. केरळने दोघांसाठी आणि चौघांसाठी अशा दोन प्रकारच्या गाड्या कल्पिल्या, आणि इडुक्की जिल्ह्यात वागमोण येथे पहिला कॅरव्हॅन पार्क 2022 मध्ये सुरू झाला. दोन्ही धोरणांत गाडीइतकेच स्थान पार्कला आहे : पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, रात्री सुरक्षित उभे राहण्याची जागा. आपल्याकडे बहुतेक लोक ही गाडी भाड्याने घेतात, मालक थोडे. त्यामुळे मालकीचा हिशेब भारतीय रस्त्यांवर अजून पुरता मांडला गेलेला नाही. दरम्यान, दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पाचट झाकायचे कापड आणि लेकरे घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिने शेताच्या कडेला कोपी बांधून राहतात. तिथे पाणी, वीज आणि शौचालय कोणी पुरवायचे, हा प्रश्न ऊस तोडायला सुरुवात होण्याआधी दर हंगामात पुन्हा विचारला जातो.